सोवळ्यातला समुद्र

माझ्या साडूसारखा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही, आणि ही गोष्ट मला अजून सहन होत नाही. एखाद्यात काही गुण असावा, लोकांनी वाहवा करावी, आपणही चारचौघांत मान डोलवावी, इथवर ठीक आहे. पण या गृहस्थात होतं ते निव्वळ खूळ. आणि खुळाचं एवढं कौतुक होताना पाहिलं की आयुष्यभर तहसील कचेरीत खाली मान घालून खर्डेघाशी केलेल्या माणसाच्या पोटात दुखणारच. तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणत असे आणि मनात 'अरे'. हे लिहिणं मनातलं आहे, तेव्हा इथं 'अरे'च चालेल.

सासुरवाडी आमची तुळजापूरची. सासरे देवीच्या पुजाऱ्यांपैकी. त्यांचा दिवस देवळात जायचा आणि घरावर राज्य सासूबाईंचं. मी थोरला जावई, पण नोकरी उमरग्याला. सणावाराला बसमधून धूळ खात यायचं आणि दोन दिवसांत परत फिरायचं. धाकट्याची नेमणूक मात्र नेमकी तुळजापूरच्याच शाळेत झाली, विज्ञान शिकवायला. 'लेक डोळ्यांम्होरं राहील' म्हणत सासूबाईंनी माडीवरची खोली त्याला देऊन टाकली. म्हणजे मी पाहुणा आणि तो घरचा. जावई हा दहावा ग्रह असतो असं शास्त्र सांगतं. पण ग्रहानं फिरत राहावं, एका घरात मुक्काम ठोकून रोज तूपभात खाऊ नये, एवढं तरी शास्त्रानं सांगायला हवं होतं.

या तुपाचं माझं दुःख जुनं आहे. धोंड्याच्या महिन्यात आम्हा दोघांना जेवायला बोलावणं असे. शेजारी शेजारी पाट, पुढं पुरणाचे धोंडे, अनरसे, आणि सासूबाईंच्या हातात तुपाची वाटी. माझी नजर त्या वाटीवर असे. त्याची कुठंच नसे, आणि नेमकी म्हणूनच त्याच्या ताटात धार लांबत असे. 'पुरे' म्हणायचं त्याला भानच राहत नसे. एकदा त्यानं अनरसा उचलला आणि खायचा सोडून उजेडाकडं धरून त्याची जाळी बघत बसला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "बघ गं, किती निरखून खात्यात. नाहीतर काही मानसं, ताटात पडायचा अवकाश!" मी तोवर माझ्या ताटातले सगळे अनरसे संपवले होते. न निरखता. पण मनापासून, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

अंगानं तो काटकुळा, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली, सदऱ्याच्या खिशात कायम एक भिंग. शिक्षण हैदराबादला झालेलं, त्यामुळं सूक्ष्मदर्शकाला तो खुर्दबीन म्हणे आणि प्रयोगाला तजरबा. रस्त्यानं चालताना डबकं दिसलं की हा उकिडवा बसलाच. एकदा देवळाजवळच्या कुंडाच्या पायरीवर गुडघे टेकून, नाक पाण्याला लावून तो शेवाळ बघत होता. बार्शीकडच्या खेड्यातल्या बायका दर्शनाला आल्या होत्या. त्यांना वाटलं, मोठा भक्त दिसतो, पाण्यात देवीचं रूप बघतोय. त्या मागं हात जोडून उभ्या राहिल्या, मग आणखी माणसं थांबली, कुणी तरी त्याच्यापुढं नारळ ठेवला. यानं अर्ध्या तासानं मान वर केली आणि त्या गर्दीला म्हणाला, "कमाल आहे हो!" गर्दी म्हणाली, "आई राजा उदे उदे!" तो नारळ त्यानं घरी आणला आणि सासूबाईंनी त्याची बर्फी केली. मला उमरग्याला तिचा तुकडाही आला नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा आमच्या कचेरीत बदल्या, बढत्या आणि सेवाज्येष्ठता यांपलीकडं दुसरा विषय नव्हता. हा मात्र पेढे वाटत सुटला. मी विचारलं, "काय, हेडमास्तर झालात की काय?" तर म्हणाला, "साडूभाऊ, आपल्याला समुद्र आला! निजामाच्या राज्यात सगळं होतं, समुद्र तेवढा नव्हता." मी त्याला समजावून सांगितलं की समुद्र काल होता तिथंच आज आहे आणि तुळजापूरही हललेलं नाही. त्यावर तो म्हणाला, "अंतर तेवढंच राहिलं, पण हक्क तर आला!" गंमत म्हणजे यानं तोवर समुद्र पाहिलाही नव्हता. पाहिला मीही नव्हता, पण मी त्याचं भांडवल केलं नाही.

मग त्यानं तो हक्क बजावला. रत्नागिरीला नोकरीत असलेल्या त्याच्या एका वर्गमित्रानं गवतात गुंडाळलेला काचेचा भला मोठा बुधला आधी मोटारीनं घाटावर आणि तिथून रेल्वेनं येडशीला पाठवला. हा तो आणायला गेला आणि परतीच्या बसमध्ये बुधला मांडीवर घेऊन बसला. कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, काय हाय ह्यात?"

"समुद्र," हा म्हणाला.

कंडक्टरनं झाकणापाशी नाक नेऊन वास घेतला आणि म्हणाला, "व्हय की! घट धरा मग, सांडला तर गाडी बुडंल."

ही हकिगत सासूबाईंनी मला निदान पाच-सहा वेळा हसत हसत ऐकवली. बुधला दारात आला तेव्हा त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, बुधल्याला हळदकुंकू लावलं. म्हणाल्या, "समद्या नद्यांचं सासर घरी आलं!" लग्नानंतर मी पहिल्यांदा त्या घरी आलो तेव्हा ओवाळणारं कुणी नव्हतं, कारण त्या दिवशी म्हैस व्याली होती. मी बुधल्याकडं बघत उभा राहिलो. पाण्याचा हेवा करण्याची वेळ माणसावर येऊ नये, पण माझ्यावर आली.

ते पाणी त्यानं माडीच्या खिडकीत बरण्यांमध्ये ठेवलं, आणि काही दिवसांनी बरणीच्या तळाशी सोनेरी तपकिरी साय धरली. मला वाटलं, नासलं. हा मात्र नाचायचा बाकी होता. मग खुर्दबिणीचा कार्यक्रम झाला. पहिला मान अर्थात सासूबाईंना. त्यांनी एक डोळा मिटायला बराच वेळ घेतला, मग नळीला डोळा लावला आणि ओरडल्या, "अगं बाई! करंडं हायती की गं, कुंकवाचे करंडं!" खोटं नव्हतं. मी शेवटच्या नंबराला पाहिलं. काचेचे इवलेइवले करंडे, खाली वाटी आणि वर झाकण, आणि त्यांवर अशी नक्षी की सराफानं तोंडात बोट घालावं. हे समुद्रातलं शेवाळ, एकेक करंडा म्हणजे एकेक जीव, आणि जगातले सगळे मासे शेवटी त्यांच्याच जिवावर जगतात, असं तो सांगत होता. सासूबाईंनी पुन्हा डोळा लावला आणि विचारलं, "आन हे कोन वळवळतंय भवतीनं? ठिपक्यावानी?"

"ते जंतू," तो म्हणाला. "फुकटे. करंडा बिचारा दिवसभर उन्हात राबून साखर करतो, आणि हे त्याला चिकटून बसतात नि खातात."

हे बोलताना त्याच्या हातात सासूबाईंनी नुकताच दिलेला बेसनाचा लाडू होता. मी म्हणालो, "असतं असं काही काही घरांत." कुणालाच कळलं नाही. बायकोला कळलं, तिनं चिमटा काढला.

पण सासूबाई खरोखर अस्वस्थ झाल्या. कुंकवाच्या करंड्याला जंतू शिवतात म्हणजे काय! "मास्तर, त्येला सोवळ्यात ठिवा," त्या म्हणाल्या. आणि या माणसाच्या डोक्यात तेच बसलं. जंतू काढून टाकायचे, नुसता शुद्ध करंडा वाढवायचा, मग बघू तो कसा फोफावतो ते. सासूबाई आणि विज्ञान यांचं एवढं एकमत मी दुसऱ्या कशावर झालेलं पाहिलं नाही. हा पहाटे अंघोळ करून, ओलेत्यानं, तोंडाला फडकं बांधून बसायचा. केसासारख्या बारीक काचेच्या नळीनं एक करंडा उचलायचा, उकळून गार केलेल्या समुद्राच्या पाण्यात धुवायचा, तिथून दुसऱ्या ताटलीत, तिथून तिसऱ्या. सासूबाई जिन्यावर पहारा करायच्या. त्या काळात मी एकदा सहज माडीवर निघालो तर खालून आवाज आला, "जावईबापू, थांबा! शिवू नगा, समुद्र सोवळ्यात हाय!" मी थोरला जावई, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ओवळा उभा. समुद्र सोवळ्यात.

तरीही मी मदत केली, हे नमूद करून ठेवतो. धुऊनही काही जंतू हटेनात, तेव्हा त्याला पेनिसिलीन हवं होतं. उमरग्याच्या एका डॉक्टरांकडून मी ते आणून दिलं. आनंदानं दिलं. दुसऱ्याच्या घरात बसून खाणाऱ्यांचा नायनाट होत असेल तर माझा त्याला नेहमीच पाठिंबा होता.

इथं मला माझ्या एकुलत्या एका मानाबद्दल सांगितलं पाहिजे. आमची तामलवाडीला थोडी जमीन आहे, काळीभोर. दर नवरात्राला सासूबाईंच्या घटासाठी माती त्या जमिनीतून मी आणायची, असा लग्नाच्या वर्षापासूनचा रिवाज. मी उमरग्याहून तुळजापूर ओलांडून पुढं तामलवाडीला जाई, स्वतः माती काढी, चाळी, नव्या फडक्यात बांधून परत तुळजापूरला आणी. त्या मातीत धान्य पेरलं जाई, त्यावर घट बसे. सासूबाई गाठोडं दोन्ही हातांनी घेत आणि म्हणत, "थोरल्यांची माती आली, आता नवरात्र बसलं." वर्षाकाठी एवढं एकच वाक्य माझं होतं. तूप त्याचं, लाडू त्याचे, माडी त्याची. माती माझी.

त्या वर्षी मी गाठोडं घेऊन आलो तर दारात कुणी नाही. सासूबाई आणि साडू दोघं माडीवर, एका बरणीपुढं सुतकी चेहरे करून बसलेले. बरणी शुद्ध झाली होती. खुर्दबिणीत एक ठिपका दिसत नव्हता. पण करंडे फिके पडत चालले होते. ऊन होतं, पाणी होतं, जंतूंचा त्रास नव्हता, आणि रोज त्यांचा रंग उतरत होता. आधीची जुनी, न धुतलेली, ओवळी बरणी मात्र हा सोवळ्याच्या गडबडीत फडताळात विसरला होता आणि ती अंधारात मरून गेली होती. म्हणजे उरलं होतं ते एवढंच.

"देवीच्या नवरात्रात, सोवळ्यातलं कोमेजतंय," सासूबाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "म्याच म्हणलं त्येला सोवळ्यात ठिवा."

तेवढ्यात त्याची नजर माझ्या गाठोड्यावर गेली. या माणसानं माझ्याकडं इतक्या आशेनं कधी बघितलं नव्हतं. "साडूभाऊ, कुठं तरी वाचलं होतं, मातीचा अर्क घालतात म्हणून. ओंजळभर द्याल?"

मी गाठोडं पाठीमागं धरलं. "ही घटाची माती आहे. तुमच्या शेवाळाची नाही." माझा आवाज चढला होता. "तूप घ्या, माडी घ्या, मी काही बोललो नाही. ही नाही मिळायची."

तो ओशाळून खाली बघायला लागला. 'तूप' हा शब्द ऐकून मात्र सासूबाईंनी माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "जावईबापू, आईच्या घटाला लागंल तेवढी ऱ्हाऊ द्या. जास्तीची आणलीच असंल तुमी. तुमी कदी कमी आणत न्हाई."

हे वाक्य माझ्या वर्मी लागलं. मी ओंजळ भरून दिली. मग माझ्या वडिलोपार्जित जमिनीचा, माझ्या डोळ्यांदेखत, चुलीवर चहासारखा काढा झाला. त्यानं तो पंचातून गाळला, पुन्हा गाळला, गार केला आणि बरणीत थोडा ओतला. मी खाली जाऊन बसलो. जेवलो नाही. नंतर जेवलो, पण रागानं.

नवरात्रभर मी रजेवर होतो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. देवघरात घटाच्या मातीतून कोंब वर आले आणि माडीवर त्या बरणीच्या तळाशी रंग परतला. इकडं धान्य बोटभर झालं, तिकडं सोनेरी साय दाटली. सासूबाईंनी बरणी उचलून खाली आणली आणि घटाच्या शेजारी ठेवली. आल्यागेल्याला साडू सांगत होता, "ही सगळी साडूभाऊंच्या मातीची कमाल!" माझा ऊर भरून यायला हवा होता, पण लोक घटाला नमस्कार करून बरणीच न्याहाळत बसायचे. माती माझी होती तरी गर्दी त्याचीच होती.

दसऱ्याच्या दिवशी आम्ही दोघं सीमोल्लंघनाहून परत येत होतो. तो म्हणाला, "साडूभाऊ, चूक माझी झाली. जंतू फुकटे नव्हते. करंड्याला काही तरी बारीकसं लागत असावं, जीवनसत्त्वासारखं. अगदी चिमटीतही येणार नाही इतकं थोडं, पण त्याला स्वतःला ते करता येत नाही. जंतू त्याची साखर खात होते नि ते करून देत होते. मी त्यांना हाकललं. तुमच्या मातीतल्या जंतूंनी तेच आधी करून ठेवलेलं असणार, ते काढ्यात उतरलं. अजून तजरबा करायला पाहिजे, पण मला तरी असंच दिसतं." थोडं चालल्यावर तो स्वतःशीच हसला. "म्हणजे समुद्रातले जंतू नि मातीतले जंतू साडूच की हो!"

मी विचारलं, "त्यात थोरला कोण?"

"माती," तो लगेच म्हणाला. "त्यात काय विचारायचं? थोरली मातीच."

त्या रात्री मला शांत झोप लागली. हेवा गेला असं नाही. दुसऱ्या दिवशी निघताना सासूबाईंनी त्याच्या हातावर दही घातलं, शाळेला सुट्टी असताना, आणि प्रवासाला निघालेल्या माझ्या हातावर घालायला त्या विसरल्या, तेव्हा तो हेवा पुन्हा ठणठणीत होता.

पुढं दोन-तीन वर्षांनी कोकणातल्या एका कॉलेजात त्याला जागा मिळाली. समुद्र अंगणाशी. मी त्याला येडशी स्टेशनवर सोडायला गेलो, सामान चढवलं, आणि गाडी हलल्यावर मला इतकं हलकं वाटलं की परत येऊन देवीला नारळ फोडला. माडी रिकामी झाली. जाताना त्यानं एक लहान बाटली सासूबाईंना दिली होती, खिडकीतल्या करंड्यांची. अधूनमधून मातीच्या काढ्याचा एक चमचा घालायचा, एवढंच पथ्य. सोवळ्याची गरज नाही, असंही सांगून गेला होता.

त्यानंतर धोंड्याचा महिना आला. कोकणातून येणं त्याला जमत नव्हतं. मी एकटाच जावई. इतकी वर्षं मी ज्या जेवणाची वाट पाहिली होती ते अखेर आलं. सासूबाईंनी पाट मात्र सवयीनं दोन मांडले होते. नंतर त्यांच्या लक्षात आलं, पण मांडलेला पाट उचलू नये म्हणून तसाच ठेवला. त्यांनी धोंडे वाढले, अनरसे वाढले आणि तुपाची वाटी घेऊन आल्या. धार पडू लागली ती थांबेना. मी 'पुरे' म्हणालो नाही. तूप धोंड्यांवरून ओघळून ताटाच्या कडेला आलं, तेव्हा वाटी रिकामी झाली.

"खावा की," त्या म्हणाल्या. "आता समदं तुमचंच हाय."

मी घास घेतला. पुरण नेहमीचंच होतं, हात त्यांचाच होता. मी एक अनरसा उचलला आणि नकळत उजेडाकडं धरला. जाळी सुरेख पडली होती. समोरच्या खिडकीत ती बाटली होती, तळाशी चिमूटभर सोनं घेऊन. मी अनरसा परत ताटात ठेवला.

"काय झालं? काही कमी पडलं व्हय?"

तुपात बोटं बुडालेली असताना मी म्हणालो, "हो. थोडंसं पडलंय कमी."

जावई जेवत असताना सासूबाई आयुष्यात कधी समोर बसल्या नव्हत्या, दाराआड उभ्या असायच्या. त्या दिवशी त्या पुढं आल्या, रिकामी वाटी खाली ठेवली आणि माझ्या शेजारच्या पाटावर बसल्या.

"मला बी तसंच वाटलं," त्या म्हणाल्या. "जेवा तुमी. म्या बसते हितं."